क्यूटी टेबल : ओळ ड्रॅग केली की जुनी ओळ रिकामी उरते, बटणवाल्या सेलवरून ड्रॅगच होत नाही

कोडकरी
पायसाइड ६ (पायथनमधून क्यूटी ही खिडक्या-बटणांची लायब्ररी वापरायचं साधन), क्यूटेबलव्ह्यू (टेबल दाखवणारा व्ह्यू) आणि क्यूस्टँडर्डआयटममॉडेल (त्यातला डेटा ठेवणारं मॉडेल; प्रत्येक सेल म्हणजे एक आयटम). ४ कॉलम: नाव, तारीख, प्रोग्रेस बार, 'उघडा' बटण. शेवटचे दोन सेटइंडेक्सविजेटने, म्हणजे सेलवर खरंखुरं विजेट (बार, बटण) ठेवून बसवलेत. इंटर्नलमूव्ह (टेबलातल्या टेबलात ओढून हलवायचा मोड) लावलंय. ओळी वरखाली करायच्या आहेत, पण:
१) प्रोग्रेस बारवर धरून ओढता येतं, बटणावर धरून नाही.
२) सोडल्यावर जुनी ओळ जात नाही, नुसती रिकामी होते.
३) विजेट ओळीबरोबर येत नाहीत.

रात्रपाळी
दुसऱ्याचं आधी. टेबलव्ह्यूत ओव्हरराइट मोड मुळातच चालू असतो, म्हणून मूव्ह झाल्यावर व्ह्यू ओळ न काढता सेल पुसतो. सेटड्रॅगड्रॉपओव्हरराइटमोड फॉल्स करा. त्याचबरोबर सिलेक्शन बिहेवियर सिलेक्टरोज (सेलऐवजी पूर्ण ओळ निवडणं) हवंच. व्ह्यू फक्त पहिल्यापासून शेवटच्या कॉलमपर्यंत निवडलेल्या ओळी काढतो. एखादाच सेल निवडलेला असेल तर मूळ ओळ तशीच राहते आणि डेटा दोनदा दिसतो.

पहिलं: बटण माउसचा प्रेस स्वतःच गिळतं, व्ह्यूपर्यंत काही पोचत नाही. प्रोग्रेस बार तो सोडून देतो, म्हणून तिथे चालतं.

तिसऱ्याला मात्र मलमपट्टी नाही. ड्रॅगमध्ये आयटमचा डेटा जातो, विजेट नाही. दोन्ही कॉलमांना डेलिगेट (सेल कसा रंगवायचा आणि क्लिकला काय करायचं हे ठरवणारा क्लास) लिहा: पेंटमध्ये क्यूस्टाइलऑप्शनप्रोग्रेसबार भरून ड्रॉकंट्रोलने बार काढा, बटणही तसंच, आणि क्लिक एडिटरइव्हेंटमध्ये माउस सुटल्यावर पकडा. विजेटच उरलं नाही की पहिली अडचणही मिटते. ड्रॅग सुरू व्हायला साधारण १० पिक्सेल सरकावं लागतं, त्यामुळे साध्या क्लिकला धक्का लागत नाही.

कोडकरी
डेलिगेट जमलं, धन्यवाद. आता दोन ओळींच्या मधे तिसऱ्या कॉलमवर सोडलं की ओळ उजवीकडे सरकते आणि टेबलाला दोन जादा कॉलम फुटतात! कधी कधी ओळ गायबच.

सीप्लसप्लसवाला
दोन्ही नेहमीचेच. सोडलेल्या जागेचा कॉलम ड्रॉपमाइमडेटाला (सोडलेला डेटा मॉडेलात भरणारं फंक्शन) जसाच्या तसा जातो आणि मॉडेल तिथून पुढे चार सेल भरतं. मॉडेलचा सबक्लास करून ड्रॉपमाइमडेटात मूळ फंक्शनला कॉलमच्या जागी ० द्या.

गायब होणारी ओळ गेलेली नसते. ती दुसऱ्या आयटमच्या *अंगावर* पडून त्याचं मूल बनते, आणि टेबल मुलं दाखवत नाही. प्रत्येक आयटमला सेटड्रॉपइनेबल्ड फॉल्स करा, म्हणजे ड्रॉप फक्त दोन ओळींच्या मधे किंवा खालच्या रिकाम्या जागेत होईल. एखादा सेल विसरलात तर नेमकी त्याच्यावरच ओळ पडते, तेव्हा नवी ओळ बनवणाऱ्या फंक्शनातच हे करून टाका.

रात्रपाळी
अजून एक. ड्रॉपनंतर मॉडेलात नवे आयटम तयार होतात, जुने नष्ट होतात. पायथनच्या डिक्शनरीत आयटमचे संदर्भ साठवले असतील तर पुढच्या वापराला 'आधीच डिलीट झालंय' छापाचा रनटाइमएरर येईल. त्याऐवजी युजररोलमध्ये (आयटममधली आपल्या डेटासाठीची न दिसणारी जागा) आयडी ठेवा आणि त्यावरून शोधा.