जेसीच्या गोळ्या

‘सेव्ह्ड बाय द बेल’ या शाळकरी पोरांवरच्या अमेरिकी विनोदी मालिकेत जेसी ही विद्यार्थिनी कॅफीनच्या गोळ्यांच्या आहारी जाते. नुसत्या कॅफीनच्या गोळ्यांवरून एवढा तमाशा कशाला, असं कुणी विचारलंय. अहो, मालिकेचा १९९० सालचा ‘जेसीज साँग’ हा भाग मुळात ‘स्पीड’ या अमली पदार्थावर बेतला होता. शनिवारी सकाळी पोरं बघतात म्हणून एनबीसी वाहिनीच्या सेन्सॉरवाल्यांनी हरकत घेतली, असं निर्माते पीटर एंगल यांनी सांगितलंय. गोळ्या बदलल्या, रडणं तेवढंच राहिलं! “आय ॲम सो एक्सायटेड” गाता गाता “सो... स्केअर्ड”वर जेसी झालेली एलिझाबेथ बर्कली मित्र झॅकच्या कुशीत कोसळते, तिथे हसू येतंच, पण ती जीव ओतून करते हेही खरं. २००३ च्या डीव्हीडी संचात पहिले दोन्ही सीझन एकत्र आहेत. लागोपाठ बघा, पुढच्या भागात जेसी ठणठणीत!