केळीचं उत्पन्न वाढलं की डोंगरावरचं जंगल वाचतं का?

सुकीकाठ (रावेर):
आमची 7 एकर केळी, सातपुड्याच्या पायथ्याला. परवा बांधावर काकांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं) आणि ठिबकमुळे तेवढ्याच रानात जास्त माल निघतो, मग नवी जमीन लागणारच नाही आणि डोंगर आपोआप वाचेल. मला पटत नाही. लहानपणी ज्या टेकडीवरून बैलांसाठी अंजनाचा पाला आणायचो, तिथे आज मका उभा आहे. पहिल्या पावसात नाला गढूळ होऊन धावतो आणि दोन दिवसांत कोरडा पडतो. आमच्या पट्ट्यात खाली गोटे-रेती आहे, डोंगरावरचं पाणी तिथेच मुरतं, केळी त्यावरच जगते. आजोबांच्या विहिरीला 70 फुटांवर पाणी होतं, आमचं बोअर 400 वर गेलं. उपसा आम्हीही भरमसाट केला, ते नाकारत नाही. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आम्हीच दोन एकर केळी वाढवली! म्हणूनच विचारतो, जगात इतरत्र काय अनुभव आहे?

मातीवाचक (धुळे, कृषी पदवीधर):
भाऊ, त्या दोन एकरांतच तुमचं उत्तर आहे. पीक फायद्याचं झालं की माणूस ते वाढवतो. पाम बघा. एकरी तेल सोयाबीनच्या कितीतरी पट. काकांच्या हिशोबाने त्यामुळे जंगल वाचायला हवं होतं. झालं उलटं: सुमात्रा आणि बोर्निओत पामच्या मळ्यांसाठी सपाटीवरचं घनदाट जंगल गेलं, कारण एवढा पैसा दुसऱ्या पिकात नव्हता. आणि पामतेल सगळ्यात जास्त आयात करणारा देश आपलाच. उत्पन्नवाढीने जंगल वाचू शकतं, पण तोडीवर बंधन असेल तरच. ॲमेझॉनात 2006 साली मोठ्या व्यापाऱ्यांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घ्यायचं नाही असं ठरवलं. सोयाबीन तरीही वाढलं, पण बरंचसं जुन्या कुरणांवर.

आणखी एक. 2022 मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेला अभ्यास सांगतो, उष्ण कटिबंधातली 90 ते 99 टक्के जंगलतोड शेती आणि चराईच्या ओढीने होते. पण तोडलेल्या जमिनीपैकी खरोखर उत्पादन देऊ लागते ती 45 ते 65 टक्केच. बाकी जंगल जातं आणि पीकही हाती येत नाही. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

तोरणमाळवारा (धडगाव):
दादा, तुम्ही टेकडीवरच्या मक्याचं लिहिलंत, पण नेवाडाबद्दल, म्हणजे जंगल तोडून केलेल्या शेतीबद्दल, बोलताना सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आमचे वडील कितीतरी आधीपासून ती जमीन कसत होते. वनहक्क कायद्यात ज्या तारखेआधीपासूनची कसवणूक धरतात, ती 13 डिसेंबर 2005 आहे, आमचा दावा तिच्या आतला. नंतर तोडणाऱ्याचं वेगळं असतं. तो मका पिकासाठी कमी आणि 'ही जमीन माझी' म्हणायला जास्त पेरतो. उतारावरची माती तीन-चार पावसाळ्यांत धुपते, मग तो आणखी वर सरकतो.

आमच्या पाड्यावर आंब्याला कुणी कुऱ्हाड लावत नाही. आमचूर विकला जातो, मोहाची फुलं घरात येतात. झाडाने पैसा दिला तर झाड राहतं.

सुकीकाठ:
दोघांचे मनापासून आभार. दादा, सरसकट बोललो, माफ करा. मातीवाचक, पामचं वाचून पहिली आठवण आली आईची. ती केळीचे वेफर्स करून विकते, तळायला पामोलीनच, कारण शेंगदाणा तेल परवडत नाही. आजोबांच्या वेळी याच रानात भुईमूग असायचा. यंदा एक एकर भुईमूग टाकणार, बाजारात काय मिळतं ते इथे लिहीन. धडगावकर दादा, आंबा धरेपर्यंतची पहिली चार-पाच वर्षं तुम्ही उतारावर काय घेता? त्या मक्याच्या टेकडीवाल्याला सांगायचंय, ओळखीचा आहे.