मदत हवी आहे: 'किल'ने सुरू होणारं आयरिश गावनाव, चर्च की जंगल हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी, आम्ही डब्लिनमध्ये टॅलाजवळ राहतो, आमच्या एरियाचं नाव किलनामॅना. इथल्या मराठी मित्रमंडळींच्या दिवाळी अंकासाठी आसपासच्या गावनावांवर लेख लिहायला घेतलाय आणि घराजवळच्या पहिल्याच नावावर अडकलेय, म्हणून हा धागा.

आयर्लंडमध्ये रस्त्यावरच्या पाटीवर वर तिरक्या अक्षरात आयरिश नाव आणि खाली कॅपिटलमध्ये इंग्लिश नाव असतं. आमच्याकडचं आयरिश नाव 'किल्य ना मॅनॅख', म्हणजे मठातल्या मंक लोकांचं चर्च. इथपर्यंत ठीक. पण टिपररी काउंटीत अगदी ह्याच इंग्लिश स्पेलिंगच्या अप्पर आणि लोअर अशा दोन बॅरनी आहेत, बॅरनी म्हणजे काउंटीच्या खालचा जुना विभाग, आणि तिथलं अधिकृत आयरिश नाव आहे 'कॉइल्य ना मॅनॅख', मंक लोकांचं जंगल! इंग्लिशमध्ये अक्षर न् अक्षर सेम, आणि अर्थ दोन.

आयरिशमध्ये चर्च लिहितात सी आय डबल एल आणि जंगल लिहितात सी ओ आय डबल एल, मध्ये फक्त एक ओ जास्त. इंग्लिशमध्ये लिहिणाऱ्यांनी कानाला ऐकू आलं तसं उतरवलं आणि बहुतेक ठिकाणी दोन्हीचं के आय एल होऊन बसलं. किलकेनी म्हणजे संत कॅनिसचं चर्च, किल्डेर म्हणजे ओकच्या झाडाचं चर्च, ही सगळ्यांना माहीत असलेली. पण वॉटरफर्डमधलं किलमॅकथॉमस हे जंगलवालं आणि विक्लोमधलं किलमॅकॅनोग परत चर्चवालं, आता नुसतं इंग्लिश बघून हे कोणाला कळणार? व्याकरणाचीही मदत होत नाही कारण दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, पुढच्या विशेषणाचं रूप दोघांपुढे सारखंच बदलतं.

आपल्याकडे इंग्लिश पाटीवर डब्ल्यू ए डीने सुरू होणारं नाव दिसलं तर वड की वाडा ते कळत नाही, पण गावातल्या कुणालाही विचारलं की मिटलं. इथे टॅलाच्या बाजूला तसं विचारायला पिढ्यानपिढ्या आयरिश बोलणारं गावच राहिलेलं नाही. मला ह्याचं फार वाईट वाटतं, नाव रोज हजारो लोकांच्या तोंडात आहे आणि त्याचा अर्थ मात्र कागदात शोधावा लागतो.

तर माझे प्रश्न. एक, मंक दोन्ही नावांत आहेत, मग एकाला चर्च आणि दुसऱ्याला जंगल हे अभ्यासक कशाच्या जोरावर म्हणतात? दोन, इंग्लिश स्पेलिंग पक्कं होण्याच्या आधीची रूपं कुठे बघायला मिळतील, घरबसल्या मिळाली तर उत्तम. तीन, कोणाला सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्लिश हस्ताक्षर वाचता येतं का?

प्रतिसाद: नकाशावेडा

छान विषय काढलात. सगळ्यात आधी लोगॅनम नावाची सरकारी साइट बघा, आयर्लंडच्या प्लेसनेम्स ब्रँचचं, म्हणजे गावनावांवर काम करणाऱ्या सरकारी विभागाचं काम तिथे ठेवलंय. नावाच्या पानावर अधिकृत आयरिश रूप असतं आणि बऱ्याच नावांना जुन्या कागदांतली स्पेलिंगं वर्षासकट दिलेली असतात, स्कॅन केलेल्या नोंदीही सापडतात. ती रूपं वर्षाप्रमाणे एकाखाली एक लिहून काढा, खरी गंमत तिथे आहे. जुन्या रूपांत के वाय एल ई किंवा क्यू यू आय एल असं काही दिसलं तर जंगलाची शक्यता वाढते, कारण 'कॉइल्य'चा तो वेगळा आवाज लिहिणाऱ्याने पकडायचा प्रयत्न केलेला असतो. कॉनेमारातलं काइलमोर म्हणजे मोठं जंगल, तिथे तो आवाज इंग्लिशमध्येही टिकलाय. आणि लीट्रिममधल्या किल्टीक्लॉहरसारखं 'किल्टी' दिसलं तर ते जंगलचं अनेकवचन.

आता १८२४ला सुरू झालेला ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे सरकारी जमीनमोजणी. जमिनीवरचा कर नीट बसवता यावा म्हणून आख्ख्या आयर्लंडचा सहा इंचाला एक मैल असा नकाशा केला, १८४६पर्यंत सगळ्या काउंट्या झाल्या. आजची बहुतेक इंग्लिश स्पेलिंगं तिथे पक्की झाली. पण त्याच सर्व्हेने जॉन ओडोनोव्हन ह्या आयरिशच्या पंडिताला १८३०मध्ये कामावर घेतलं, हा माणूस काउंटी-काउंटी फिरून लोकांच्या तोंडून नावं ऐकायचा, जुनी कागदपत्रं ताडून बघायचा आणि मूळ आयरिश रूप नेमबुकात, म्हणजे सर्व्हेच्या नावांच्या वहीत लिहून ठेवायचा. टिपररीत तेव्हा आयरिश बोलणारे लोक भरपूर होते, त्यामुळे तिकडच्या नावांना बोलीचा पुरावा मिळतो. डब्लिनच्या आसपास आयरिश त्याआधीच मागे हटली होती, तिथे कागदावरच जास्त भिस्त.



प्रतिसाद: कोकणकडा

वरच्यात थोडी भर. चर्च असेल तर बहुतेक वेळा जमिनीवर काहीतरी उरतं. सहा इंची नकाशावर पडकं चर्च, दफनभूमी, पवित्र विहीर अशा खुणा त्याच टाउनलँडमध्ये, म्हणजे जमिनीच्या सगळ्यात लहान जुन्या विभागात आहेत का बघा, शिवाय १३०२च्या सुमाराला चर्चवर लावलेल्या करांच्या याद्या आहेत, त्यात पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा विभाग, म्हणून नाव आलं तर जंगलाची बाजू बरीच लंगडी पडते. 'किल'पुढे संताचं नाव असेल तर चर्चकडे झुकायचं. तुमच्या केसमध्ये मंक शब्द काहीच सिद्ध करत नाही हे बरोबर, कारण मठांच्या मालकीची जंगलंही असायची.

टिपररीसाठी मी ओड्वायर घराण्यापासून सुरुवात करेन, तो मुलूख त्यांचा होता. आयरिशमध्ये लिहिलेल्या जुन्या बखरींत ह्या घराण्याबरोबर मुलखाचं नाव येतं का ते शोधा. आयरिश लेखक स्वतःच्या भाषेत लिहिताना 'कॉइल्य'मधला ओ गाळणार नाही, त्यामुळे अशी एक नोंद पन्नास इंग्लिश स्पेलिंगांना भारी. हस्ताक्षराचं मला जमतं थोडंफार, फोटो टाका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! ओड्वायरांचा धागा मला सुचलाच नसता. टिपररीचं नाव आधी घेते, मग आमच्या किलनामॅनाच्या जुन्या रूपांची यादी करते. १६५०च्या दशकातल्या डाउन सर्व्हे नावाच्या जमीनमोजणीचे नकाशे ट्रिनिटी कॉलेजने ऑनलाइन ठेवलेत, त्यातला आमच्या बाजूचा तुकडा इथे टाकते, कोकणकडा तुम्ही तेवढं अक्षर बघाल का? आणि कोणी टिपररीत डंड्रम किंवा कॅपाव्हाइटच्या बाजूला राहत असेल तर तिथले म्हातारे लोक नावाची सुरुवात 'किल' म्हणतात की 'काइल', एवढं ऐकून सांगा प्लीज, जमलं तर रेकॉर्ड करूनच पाठवा.