बेट-देशातल्या मुक्त पत्रकाराला आधार देणारी ऑनलाइन जाळी – सल्ला हवा

शाईचे_डाग:
माझी एक जुनी सहकारी पॅसिफिकमधल्या छोट्या बेट-देशात मुक्त पत्रकारिता करते. जमीन व्यवहारावरच्या बातमीनंतर गेल्या आठवड्यात तिला बदनामीची नोटीस आली. पाठीशी संपादक नाही, वकिलाची फी परवडत नाही. बेट एवढंसं, की ज्याच्याबद्दल लिहिलं तो दर रविवारी चर्चमध्ये तिच्या दोन बाकं पुढे बसतो. तिने कुणाकडे मदत मागावी?

कोरा_रकाना:
आधी 'मीडिया डिफेन्स'ला लिहा. पत्रकारांवरच्या खटल्यांत वकील मिळवून देणं, खर्चाला हातभार लावणं हेच त्यांचं काम. पहिल्याच ईमेलमध्ये नोटीस, मूळ बातमी आणि उत्तराची मुदत द्या. मुदत अगदी वर. तिने फोनवर किंवा फेसबुकवर उत्तर देऊ नये. 'भेटून मिटवू या' असा निरोप आला तर वकिलाशिवाय जाऊ नये.
फोनमध्ये कुणी शिरल्याची शंका असेल तर 'अ‍ॅक्सेस नाऊ'ची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन आहे. चोवीस तास, मोफत.

दूरची_गलबतं:
या दोन्ही संस्था चांगल्या, पण तो प्रदेश जाणणारी माणसंही जोडा. 'पॅसिफिक फ्रीडम फोरम' हे तिथल्याच पत्रकारांचं जाळं. माध्यमांच्या स्वातंत्र्यावर लक्ष ठेवणारं 'पॅसिफिक मीडिया वॉच' १९९६ पासून आहे. त्याच वर्षी टोंगात संसदेच्या अवमानावरून दोन पत्रकार आणि एक लोकप्रतिनिधी तुरुंगात गेले होते.
बाहेरचा आवाज का लागतो, ते फिजीत दिसलं. एप्रिल २००९ मध्ये सेन्सॉर थेट वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत येऊन बसले. 'फिजी टाइम्स'ने अडवलेल्या बातम्यांच्या जागा कोऱ्याच छापल्या. ते अंक आठवले की अजून अंगावर काटा येतो. पुढे २०१० मध्ये आलेला माध्यमांवरचा जाचक कायदा रद्द व्हायला २०२३ उजाडलं.
आणि हो, तिथे बदनामी दिवाणी आहे की फौजदारी, ते आधी पाहा. सामोआने २०१३ मध्ये फौजदारी बदनामी रद्द केली आणि २०१७ मध्ये परत आणली.

शाईचे_डाग:
नोटीस दिवाणीच आहे. मीडिया डिफेन्सला आत्ताच लिहायला बसतोय. तिच्या टिपणवह्यांचं काय करावं?

कोरा_रकाना:
बेटाबाहेर प्रत हवीच, आणि लवकर. टोंगात जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखी स्फोटात समुद्राखालची केबल तुटली, मुख्य बेट पुन्हा नीट जोडायला सुमारे पाच आठवडे गेले. ऑनलाइन मदत अशी एका तारेवर लटकलेली असते. वह्यांचे फोटो 'सिग्नल' या सुरक्षित मेसेजिंग अ‍ॅपवरून मागवा. सूत्रांची नावं तिने आधी कागदाच्या पट्टीने झाकावीत, नंतर फोटोवर खोडू नयेत.

शाईचे_डाग:
चार वह्या आहेत. पहिल्या दोन आज रात्री पाठवते म्हणाली.