‘सिनिकल’ नेमकं कुणाला म्हणायचं? निराशावादी, संशयवादी, खवचट यांची सरमिसळ

अमळनेरकर
मराठी लेखांत ‘सिनिक’ला सर्रास ‘निराशावादी’ म्हणतात, कधी ‘संशयवादी’. बोलताना तर जो खवचट बोलेल तो सिनिक. माझ्या मते या तिघांची शंका तीन वेगळ्या गोष्टींवर असते. संशयवादी विधानावर शंका घेतो, निराशावादी निकालावर आणि सिनिक हेतूवर. खवचटपणा ही नुसती बोलण्याची तऱ्हा, ती तिघांपैकी कुणाचीही असू शकते.

कापसाचं हमीभाव केंद्र घ्या. ओलावा ८ टक्के धरतात, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यामागे १ टक्का भाव कापतात, १२ च्या वर माल घेत नाहीत. मीटरने ११ दाखवले. संशयवादी विचारेल, ‘नमुना कुठून काढला? ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून घ्या, पुन्हा लावा.’ निराशावादी म्हणेल, ‘वाळवून आणेपर्यंत केंद्र बंद पडेल.’ त्याचं मीटरशी काहीच भांडण नाही. सिनिक म्हणेल, ‘मीटर काय अन् ग्रेडर (कापसाची प्रत ठरवणारा) काय, सगळे वाटून खातात.’ आता दुसरं मीटर आणलं आणि तेही ११ च म्हणालं, तर संशयवाद्याचं समाधान होतं. सिनिक म्हणतो, ‘दुसरंही त्यांचंच.’

कपाशीवाला_धरणगाव
भाऊ, मांडणी कागदावर झकास आहे. पण हातातल्या मीटरमध्ये कापूस दाबून भरला की आकडा चढतो, सैल भरला की उतरतो. कापूस तोच, मीटर तेच. पहाटे दवात वेचलेला आणि दुपारी वेचलेला एकत्र भरला असेल तर एकाच गाडीत दोन वेगळे आकडे येतात, ती गोष्ट वेगळी. पण दाबणारा हात कुणाचा आहे आणि आकडा चढला तर फायदा कुणाचा, हे ज्याला ठाऊक आहे त्याने हेतूवर शंका घेतली तर तुमच्या व्याख्येने तो सिनिक ठरला. माझ्या लेखी तो हुशार शेतकरी.

अमळनेरकर
नाही ठरत. तुम्ही सांगता त्या शंकेला कारण आहे, ठराविक माणूस आहे आणि ती तपासता येते. दोन्ही नमुने सारख्या दाबाने भरायला लावा, आकडा जुळला तर शंका फिटली. सिनिकची शंका ‘हा ग्रेडर’ म्हणत नाही, ‘माणूस’ म्हणते. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, पण पितो. सिनिकला वाटीत ताक आहे हेच मान्य नसतं.

पानटपरी_चोपडा
एवढं कशाला भो. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं. संपला धागा.

वाचनवेडी_भुसावळ
पानटपरी दादा, काविळीने फक्त वृत्ती सांगितली. नजर कशावर आहे ते राहिलंच.

अमळनेरकरांची तिहेरी विभागणी बरोबर आहे, आणि तिची परीक्षा जुन्या विचारवंतांवर घेता येते. शोपेनहौएर निराशावाद्यांचा मुकुटमणी, पण १८४० मध्ये त्याने नीतीचा पाया करुणा आहे असं मांडलं. दुसऱ्याच्या दुःखाने माणूस खरोखर हलतो, हे त्याला मान्य होतं. म्हणजे निराशावादी, पण सिनिक नाही. ह्यूम संशयवादी. कार्यकारणाच्या आपल्या खात्रीला तर्काचा आधार नाही असं म्हणणारा. तरीही ‘प्रत्येक सत्कृत्यामागे स्वार्थच असतो’ हे मत त्याने १७५१ मध्ये खोडून काढलं. मँडेव्हिलचं बरोबर उलटं. १७१४ मध्ये त्याने सांगितलं की माणसं लोभ आणि दिखाव्यापोटीच वागतात, आणि त्यातूनच समाजाची भरभराट होते. हेतूंबद्दल पक्का सिनिक, निकालाबद्दल जवळपास आशावादी. तिन्ही शब्द एकच असते तर ही तीन माणसं शक्यच नव्हती.

जुनं_नाणं
ताई, अठराव्या शतकावर कशाला थांबता? मूळ सिनिक ग्रीक होते आणि ते या धाग्यातल्या सिनिकच्या अगदी उलट होते. अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे, आणि अमळनेरकरांच्या धाग्यात त्या ग्रीक सिनिकांतल्या डायोजिनीसचा उल्लेखही नसावा!

शब्द कुत्र्यावरून आला, ‘श्वानासारखा’ या अर्थाने. इ.स.पू. चौथ्या शतकातली ही मंडळी. सामान काय, तर दुहेरी घडीची जाडीभरडी शाल, काठी आणि झोळी. डायोजिनीस अथेन्समध्ये मातीच्या मोठ्या रांजणात राहायचा. पोराला ओंजळीने पाणी पिताना पाहिलं आणि त्याने स्वतःचा पेला फेकून दिला, अशी कथा सांगतात. थेब्जच्या क्रेटीसने सगळी मालमत्ता सोडली. यांना सद्गुण खोटा वाटत नव्हता, उलट तोच एक खरा वाटत होता. खोटी वाटायची ती प्रतिष्ठा, पैसा, पदवी. आजचा सिनिक सद्गुणालाच हसतो. म्हणून त्या लोकांचं नाव याला देणं अन्याय आहे.

वाचनवेडी_भुसावळ
अन्याय असेल, पण शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या जन्मावरून ठरत नाही. जर्मन लोकांनी हा घोळ लिहिण्यातच सोडवला. प्राचीन पंथाला ‘क’ने सुरू होणारा शब्द, आजच्या वृत्तीला ‘त्स’ने. मराठीत पंथासाठी ‘सिनिक पंथ’ आणि वृत्तीसाठी ‘सिनिकल’ एवढं पाळलं तरी पुरे. ‘हेतुसंशयी’ वगैरे घडवलेला शब्द रावेरच्या केळी बाजारात कुणी उच्चारणार नाही.

गिरणाकाठ
मला मूळ सूत्रच अपुरं वाटतं. ‘सिनिकल चाल’ कुठे बसवणार? आचारसंहिता लागायच्या आदल्या संध्याकाळी एखादा नेता रस्त्याच्या कामाचा नारळ फोडतो. निधी मंजूर नाही, कार्यारंभ आदेश नाही, फक्त फलक आणि नारळ. याला इंग्रजी वर्तमानपत्र सिनिकल म्हणेल. पण हा माणूस कुणाच्याच हेतूवर शंका घेत नाही. तो लोकांचा विश्वास वापरतोय. फुटबॉलमध्ये गोल वाचवायला मुद्दाम पाय घालून पाडतात, त्यालाही सिनिकल फाउलच म्हणतात. तिथे शंका कसली? तिथे मराठीत ‘निर्लज्ज’ किंवा ‘हिशेबी’ लागतो. ‘संशयी’ लिहिलं तर वाक्याचा बट्ट्याबोळ.

अमळनेरकर
सूत्रात बसतं. तो नेता गृहीत धरतो की मतदारही शेवटी फलक बघूनच मत देतो. सगळे विकाऊ आहेत हे ज्याने धरून ठेवलं, तो एक तर घरी बसून टोमणे मारतो, नाही तर नारळ फोडतो. गृहीतक एकच.

गिरणाकाठ
ओढूनताणून आहे हे, साहेब. विश्वास ठेवणारे लोक आहेत म्हणूनच नारळ फुटतो. सगळे विकाऊ असं तो धरत असता तर पाकिटं वाटली असती, नारळ नाही. मी दोन अर्थ वेगळेच ठेवीन.

कपाशीवाला_धरणगाव
माझा मुद्दा तसाच पडला. हा शब्द वापरतं कोण? वरच्या खुर्चीतला माणूस. गावकऱ्याने प्रश्न विचारला की ‘लोक फार सिनिकल झालेत’. प्रश्नाचं उत्तर द्यायला नको, विचारणाऱ्याच्या स्वभावावर ढकललं की मोकळे.

वाचनवेडी_भुसावळ
आप्पा, हे मात्र पटलं, आणि ओळखायची सोपी रीत आहे. त्या माणसाने पुढे काय केलं ते बघा. काट्यावर वैधमापनचा वर्षाचा पडताळणी शिक्का आहे का बघितलं, २० किलोचं प्रमाणित वजन ठेवायला लावलं, किंवा १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज केला, ३० दिवसांत उत्तर नाही म्हणून पहिलं अपील केलं, तर तो सिनिक नाही. उत्तर खरं येऊ शकतं असं धरल्याशिवाय कुणी अर्ज करत नाही.

कपाशीवाला_धरणगाव
ते तुमच्या भुसावळात असेल, ताई. इकडे अर्ज करणारे निम्मे जण ‘काही होणार नाही, पण कागद तरी राहील’ म्हणूनच करतात. कागद पुढे कोर्टात लागतो, अपिलात लागतो. उत्तरावर भरवसा नसला तरी पोच पावतीवर आहे. याला तुमच्या तीन खणांपैकी कुठल्या खणात टाकता?

पानटपरी_चोपडा
शेतकरी.

अमळनेरकर
आप्पा, तो निराशावादी. ‘काही होणार नाही’ हे निकालाबद्दल झालं. कारकून लबाड आहे असं त्याने कुठे म्हटलं?

कपाशीवाला_धरणगाव
ते तो अर्जात लिहीत नाही, रांगेत बोलतो.