साठेखतातला ‘ड्यू डिलिजन्स’ मराठीत कसा लिहायचा?

— फ्लॅटच्या साठेखताचा (खरेदीखताआधीच्या विक्री कराराचा) मराठी मसुदा करतेय. ‘ड्यू डिलिजन्स’साठी, म्हणजे व्यवहाराआधी कागदपत्रं नीट तपासण्यासाठी, ‘योग्य तत्परता’ असं दिसतं, पण ते पटत नाही. दुसरं काही सुचतंय का?

— ‘तत्परता’ म्हटलं की लगबग डोळ्यांपुढे येते. इथे तर थांबून कागद बघायचेत. ‘रीतसर छाननी’ लिहा. मात्र तोच शब्द सरसकट वापरू नका, आधी कलम बघा. ‘लिहून घेणार यांनी अमुक दिवसांत कागदपत्रे तपासावीत, मालकी हक्कात दोष निघाल्यास इसार परत मिळेल’ हा ‘लिहून घेणार’चा, म्हणजे विकत घेणाऱ्याचा, छाननीचा हक्क. ‘लिहून घेणार यांनी सदर मिळकतीची समक्ष पाहणी करून मालकी हक्काबाबत स्वतःची खात्री करून घेतली आहे’ ही चक्क कबुली! बोलताना दोन्हींना ड्यू डिलिजन्सच म्हणतात. उद्या दोष निघाला की दुसरं वाक्य घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. वकिलाचा शोध अहवाल (सर्च रिपोर्ट) हातात नसताना त्यावर सही करू नये.

— वकील ३० वर्षांचा सर्च काढतात की. मग काय राहिलं?

— तो मुख्यतः नोंदणी झालेल्या दस्तांचा. कोर्टात चालू असलेला दावा, सोसायटीची थकबाकी, घरात बसलेला भाडेकरू त्यात दिसेलच असं नाही. नुसतं ‘छाननी’ लिहून भागत नाही, कशाची ते नावानिशी लिहा. शेतजमीन असेल तर फेरफार आणि सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना आलाच.

— पण ‘निर्वेध व निजोखमी’, म्हणजे मिळकतीवर कुठला बोजा नाही, असं असतंच ना दस्तात?

— ती लिहून देणाऱ्याची, म्हणजे विकणाऱ्याची हमी, छाननी घेणाऱ्याची. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५ बघा. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. पण हे करारात वेगळं काही ठरलं नसेल तर! म्हणूनच ‘खात्री करून घेतली आहे’वर एवढा जीव तोडून बोलतोय.

— मग असं चालेल? ‘रीतसर छाननीअंती लिहून घेणार यांचे समाधान न झाल्यास इसार परत करावा.’

— घेणाऱ्याच्या फायद्याचं आहे, पण ‘समाधान’ समोरचा वकील खोडणार. ‘मालकी हक्कात दोष आढळल्यास’ करा आणि ‘परत करावा’च्या आधी मुदत घाला.