मायणी-येरळवाडीचे हिवाळी पक्षी : मुलांना घेऊन कसे जावे?
नमस्कार. आम्ही साताऱ्यात राहतो आणि जानेवारीतल्या एखाद्या रविवारी सात व दहा वर्षांच्या मुलींना, तसेच गुडघेदुखी असलेल्या सासूबाईंना घेऊन खटाव तालुक्यातील मायणी व येरळवाडी तलावांवर जाण्याचा विचार आहे. मागच्या हिवाळ्यात येरळवाडीला चक्रवाकाची केशरी जोडी चिखलात चरताना दिसली होती. मात्र आमच्या पावलांनी ती लगेच उडाली, याची अजून रुखरुख वाटते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस), तसेच रोहित पक्षी (फ्लेमिंगो), त्यांना न बिथरवता, कोणत्या काठावरून दिसतील? सासूबाईंना बसता येईल अशी सावली जवळपास आहे का? धाकटीच्या हाताला पेलेल अशी दुर्बीण ८×३२ची (आठपट मोठे दाखवणारी, ३२ मिमी भिंगाची) घ्यावी की आणखी लहान? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.